'सगळं आत' म्हणजे नक्की काय काय आत?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत क्रूझवर लेख आला होता, आणि त्याच्याच शेजारी पानभर जाहिरात. कॅरिबियन क्रूझ, सात रात्री, 'सगळं आत', म्हणजे राहणं खाणं फिरणं करमणूक सगळं. ते वाचून ओळखीतल्या तिघांचे फोन आले, तुम्ही जाऊन आलात ना, कसं असतं हो, पैसे किती नेऊ. तिघांना तेच तेच सांगून घसा बसला, मग म्हटलं एकदाच लिहून टाकावं. लांबलं तर कात्री तुमच्या हातात आहेच.

मी आणि आमचे हे, दोघं गेल्या मे महिन्यात मायामीहून निघालो होतो. दोघांचीही पहिलीच क्रूझ. मायामी, मग एक दिवस नुसता समुद्र, मग जमैका, ग्रँड केमन, मेक्सिकोचं कोझुमेल बेट, परत एक दिवस समुद्र, मग बहामाजचं नासाऊ आणि आठव्या दिवशी सकाळी परत मायामी. मजा आली का? भरपूर आली. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील ही बाई एवढी लांब जाऊन रडतच आली.

पण 'सगळं आत' हे काही खरं नाही. आत काय असतं तर केबिन, मोठ्या डायनिंग हॉलमधलं आणि बुफेचं जेवण, साधं पाणी, चहा, कॉफी, सरबत, रात्रीचे शो, स्विमिंग पूल. बाहेर काय, तर कोल्ड्रिंकचा कॅन सुद्धा बाहेर! दारूचं तर सोडाच. ड्रिंक्सचं पॅकेज घ्यायला गेलो तर म्हणे एकाने घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसानेही घ्यायचं, म्हणजे यांना दोन बिअर प्यायच्या म्हणून मी सात दिवसांचे पैसे भरायचे. नाही घेतलं. सुटी बिअर घेतली तर तिच्यावर परत १८ टक्के सर्व्हिस चार्ज. वायफाय वेगळं, वेगळ्या हॉटेलात बसायचं तर ते वेगळं, बेटावरच्या सहली वेगळ्या, फोटो काढतात ते फुकट पण हातात हवा असेल तर वेगळे. जहाजावर रोख चालतच नाही, चढताना एक कार्ड देतात, तीच खोलीची किल्ली आणि तेच पैशाचं पाकीट, त्यामुळे पैसे जातायत हे जाणवतच नाही, शेवटच्या दिवशी बिल बघितल्यावर जाणवतं.

आणि टिप. माणशी दिवसाला साधारण १८ डॉलर, आपोआप खात्यावर चढतात. दोघांचे सात दिवसांचे २५२ डॉलर. याबद्दल आमच्या बुकिंगवाल्याने एक अवाक्षर काढलं नव्हतं, विचारलं तर म्हणाला तुम्ही विचारलं नाहीत. आता जे माहीतच नाही ते विचारणार कसं? कॅलिफोर्नियात कायदा झाल्यापासून, म्हणजे २०२४ च्या जुलैपासून, अमेरिकेत मोठ्या कंपन्या पोर्टची फी आणि कर धरूनच भाव दाखवायला लागल्या. टिप मात्र त्यातही नसते, कारण ती 'ऐच्छिक'. तुमच्या जाहिरातीत तर भावावर एक चांदणी होती आणि त्या चांदणीची तळटीप वाचायला मला चष्मा काढून कागद नाकाला लावावा लागला.

व्हिसाचंही आधीच सांगून टाकते. अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येतो म्हणून सिंगल एन्ट्रीवर भागेल असं समजू नका, जहाज मध्ये परदेशी जातं, परत येताना तुमची नवीन एन्ट्री धरतात, मल्टिपल एन्ट्रीच लागते. आमच्या रांगेत एका कुटुंबाचं यावरून चांगलंच फाटलं होतं, पुढे काय झालं ते कळलं नाही.

मायामीच्या धक्क्यावर जहाज बघितलं तर आधी ते जहाज आहे हेच पटेना, आडवी पडलेली सोसायटी वाटते. मागच्या बाजूला ठळक अक्षरात नासाऊ लिहिलेलं. आमचे हे म्हणाले, अगं चुकलो, आपलं जहाज हे नाही, याचं नाव नासाऊ आहे. मी पण घाबरले. मग एका हमालाने सांगितलं की नाव वर आहे, ते खालचं म्हणजे जहाजाची नोंदणी कुठली आहे ते गाव. कंपनीचं ऑफिस फ्लोरिडात, निघायचं मायामीहून, प्रवासी बहुतेक अमेरिकन, आणि जहाज बहामाजचं! असंच बरंच असतं म्हणे, कुणी पनामाचा झेंडा लावतं कुणी बहामाजचा, तिथे कर कमी आणि कामगारांचे नियम त्या देशाचे. आणि झेंडा परदेशी म्हणून अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा लागतो, की परदेशी जहाजाला नुसतं अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. सव्वाशे वर्षांहून जुना कायदा अजून चालू आहे याचं मला फार कौतुक वाटलं, यांना नाही वाटलं, हे तेव्हा बुफे शोधत होते.

चढल्या चढल्या बुफेकडे पळू नका, आधी मस्टर, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची तालीम, करून टाका. फोनवर व्हिडिओ बघायचा आणि कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जाऊन हजेरी लावायची. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे संकट. लोक कंटाळा करतात. पण १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून कलंडली, ३२ माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची मस्टर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. दुसरं म्हणजे हात साबणाने धुवा, तो सॅनिटायझर जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही. बुफेच्या दारात एक मुलगा गाणं म्हणत हात धुवायला लावायचा, आमचे हे पहिले दोन दिवस त्याला चुकवून जायचे, तिसऱ्या दिवशी तोच यांची वाट बघत उभा.

आता मुख्य गोष्ट. आमची केबिन आतली, खिडकी नसलेली, स्वस्तातली. दिवा बंद केला की दिवस की रात्र काही कळत नाही, पहिल्या दिवशी साडेनऊपर्यंत झोपलो. केबिन आवरायला एक तरुण पोरगा यायचा, गुड इव्हिनिंग सर, गुड इव्हिनिंग मॅम, अगदी हसतमुख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पलंगावर टॉवेलचा हत्ती करत होता आणि हे खुर्चीत बसून त्याच्या देखत मला म्हणाले, "ती टिप आहे ना, शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन काढून टाकता येते म्हणे. अडीचशे डॉलर! आपण कुठे हत्ती मागितला होता?" मी पण मान डोलावली, उगाच खोटं कशाला बोलू. पोराने शांतपणे हत्तीची सोंड वळवली, दोन डोळे चिकटवले, हत्ती नीट उभा राहतोय ना ते बघितलं आणि दारापाशी जाऊन म्हणाला, "काका, एसी कमी करू का? काकूंना गार वाटतंय बहुतेक."

जहाज हललं तरी एवढं पोटात आलं नव्हतं.

कोकणातला निघाला. नाव गाव लिहीत नाही, त्याच्या नोकरीवर यायला नको. नंतर एकदा जिन्यात भेटला तेव्हा मीच विषय काढला, टिपचा नाही, कामाचा. सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, सात महिन्यांत एकही सुट्टी नाही, म्हणजे रविवार वगैरे प्रकारच नाही. सकाळी पाळी, दुपारी थोडी झोप, परत संध्याकाळी पाळी. पंधरा-सोळा केबिनी त्याच्याकडे. माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, त्याला नंतर विचारलं तर म्हणाला मावशी, नियम आहे की, आंतरराष्ट्रीय करार आहे २००६ चा, २०१३ च्या ऑगस्टपासून लागू झालाय. त्यात एक तर आठवड्याला ७२ तासांच्या वर काम नाही, नाहीतर आठवड्याला निदान ७७ तास विश्रांती, यातलं एक पाळायचं. मी लगेच हिशोब केला, आठवड्याचे तास १६८, त्यातून ७७ गेले तर उरले ९१. म्हणजे नियम पाळूनसुद्धा आठवड्याला ९१ तास काम करून घेता येतं. भाचा म्हणाला हो, बरोबर आहे गणित.

बेटांचं थोडक्यात सांगते. जमैकात ओचो रिओसला उतरलो, जहाजाकडूनच सहल घेतली होती, डन्स रिव्हर धबधबा. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून साखळी करायची आणि पाण्यातून पायऱ्या पायऱ्यांच्या खडकांवरून वर चढायचं. माझ्या पुढे एक दांडगा अमेरिकन, मागे हे, मध्ये मी लोंबकळत. पायात रबरी बूट हवेतच, तिथे भाड्याने मिळतात. पण मला धबधब्यापेक्षा आमचा ड्रायव्हर जास्त आवडला. बोलका माणूस. कुठले विचारलं, इंडिया म्हटल्यावर म्हणाला मग तुम्ही आमची करी गोट खायलाच पाहिजे, ती तुमच्याच लोकांनी आणलीय. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर नेले होते ना, त्यांचं हे. आमचे हे लगेच खायला बसले. मी भाजी मागितली तर कॅलालू म्हणून समोर आलं, आणि एक घास घेतला तर अहो, माठ! कांदा घालून परतलेला चक्क माठ. वर एक वेगळ्याच मिरचीचा तिखटजाळ वास. सात दिवसांतलं सगळ्यात भारी जेवण मी साध्या टपरीवर जेवले आणि तेच नेमकं 'आत' नव्हतं.

ग्रँड केमनला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, कारण तसा धक्काच नाही. जॉर्जटाउनसमोर नांगर टाकतात आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. बांधायचा का यावर २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे सार्वमत झालं, लोक नको म्हणाले. गंमत वाटली, एवढी जहाजं येतात तरी लोकांनी नाही म्हणायची हिंमत केली. इथे त्यांचा डॉलर वेगळा आणि तो अमेरिकन डॉलरपेक्षा महाग, एक केमन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक डॉलर वीस सेंट, त्यामुळे पाटीवरचा भाव बघून हरखू नका. स्टिंगरे सिटीला गेलो. समुद्राच्या मधोमध वाळूचा उंचवटा, कमरेएवढं पाणी, आणि त्यात पाकट मासे पायात घोटाळतात, पूर्वी कोळी तिथे मासे साफ करायचे म्हणून त्यांना सवय लागली. हाताला एकदम मऊ, ओल्या मखमलीसारखे. आमचे हे पाण्यातून बाहेर आले ते थेट मायामीला पोचल्यावरच हसले.

कोझुमेलला मात्र जवळजवळ राहिलोच असतो. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, जमैका, केमन आणि कोझुमेल, तिन्हीकडे करत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात तिथली वेळ मायामीच्या एक तास मागे असते. आणि आमचं जहाज अख्खा आठवडा मायामीच्या वेळेवर चालत होतं. पहिल्या दोन ठिकाणी आम्ही जहाजाच्याच लोकांबरोबर होतो म्हणून काही बिघडलं नाही. कोझुमेलला पैसे वाचवायला स्वतःच टॅक्सी केली आणि सान हेर्वासिओला गेलो, जुन्या माया लोकांची देवळं आहेत, इशचेल देवीची जागा, मूल व्हावं म्हणून बायका होडीतून समुद्र ओलांडून तिथे यायच्या. पडक्या दगडांवर हे एवढाले इग्वाना ऊन खात बसलेले. छान सावली होती, बसलो निवांत. नंतर गावात दुकानं बघत बसलो, पेसोलाही तेच डॉलरचं चिन्ह लावतात, ४०० लिहिलेली टोपी बघून हे ओरडलेच.

जहाजावर परत यायची वेळ साडेचार. यांच्या फोनवर तीन वाजून पाच मिनिटं. हे म्हणाले चल आईस्क्रीम खाऊ. मी सहज मनगटावर बघितलं, माझं जुनं किल्लीचं घड्याळ, ज्याला आठवडाभर हसत होते की आजकाल कोण घालतं, त्यात चार वाजून पाच मिनिटं. मी म्हटलं अहो. हे म्हणाले तुझं पुढे गेलंय. मी म्हटलं पुढे नाही गेलं, ते मायामीत आहे, आणि जहाज पण मायामीत आहे, तुमचा फोन तेवढा मेक्सिकोत आलाय. एक मिनिट काही बोलले नाहीत, मग जे पळालो! टॅक्सीवाल्याला आमचे चेहरे बघूनच कळलं, रोज अशी गिऱ्हाइकं मिळत असणार. चार पंचवीसला आत. वर डेकवर लोक बिअर घेऊन उशिरा पळत येणाऱ्यांना टाळ्या वाजवत बसलेले असतात, आम्हालाही वाजवल्या. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपलं आपण गेलो तर थांबत नाही, जास्तीच्या पैशात तेवढं एक मिळतं. तेव्हा एकटं जायचं तर खुशाल जा पण साधं घड्याळ घाला, आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा, कारण जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि फोन गुपचूप त्याला जोडला जातो. यांचा जोडला गेला. बिल सांगत नाही, माझंच बीपी वाढतं.

नासाऊबद्दल विशेष नाही. गुलामांकडून चुनखडीत कापून घेतलेला राणीचा जिना बघितला, पाय दुखले, परत आलो. धक्क्यावर आमच्याबरोबर अजून चार जहाजं. मी यांना म्हटलं हे बघा, हे आपल्या जहाजाचं माहेर, तर म्हणाले माहेर कसलं, नुसतं रेशनकार्डावर नाव आहे.

शेवटच्या रात्री जेवून वर आलो तर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरसमोर ही मोठी रांग. मला वाटलं बॅगांचं काही असेल. रांगेत आमच्याच भाषेत बोलणारं एक जोडपं, बाई म्हणत होत्या, "आपण त्या पोराला हातात वीस डॉलर दिलेत ना, झालं तर मग." काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला हसून एक कागद देत होती, लोक सही करत होते आणि तिथेच टिप उडत होती. आता हातात वीस दिले हे ठीक, पण ती आपोआप कापलेली टिप नुसत्या केबिनवाल्याची नसते, जेवण वाढणारे आणि कधी तोंडही न दिसणारे, धोब्याकडचे, खालच्या स्वयंपाकघरातले, यांच्यातही ती वाटतात असं कंपनीच सांगते. मला विचाराल तर हा पगार कंपनीने द्यायचा आणि भाड्यात धरायचा, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर का टाकायचा? तक्रार करायची तर कंपनीकडे करा. पण त्या रांगेत उभं राहून कंपनीचं काहीच जात नाही, जातं ते खालच्या डेकवरच्या माणसाचं.

हे मी आता लिहितेय, तेव्हा तोंडातून शब्द निघाला नव्हता, कारण वळून बघते तर आमचे हे रांगेत उभे. मी काही न बोलता केबिनमध्ये गेले. पलंगावर माकड होतं, हँगरला लटकवलेलं, यांचा गॉगल लावून. पाच-सात मिनिटांनी हे आले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, वायफायचं बिल बरोबर आहे का विचारायला गेलो होतो. आम्ही वायफाय घेतलंच नव्हतं. सकाळी दाराखाली आलेलं बिल मी बघितलं, २५२ डॉलर जागच्या जागी होते.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. जाहिराती छापता त्या छापा, तुमचंही घर चालायला हवं. पण जाहिरातदाराला एवढं सांगा की टिपसकट आकडा मोठ्या अक्षरात टाक, आणि पुरवणीत लेख देताना ड्रिंक्स, वायफाय, टिप, व्हिसा या चार गोष्टी तरी लिहायला लावा. टिपचे अडीचशे डॉलर आधीच वाचले असते तर तेवढ्याची मनाची तयारी झाली असती, जहाजावर चढल्यावर कळलं म्हणून ते लुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचा राग कुणावर निघणार होता तर हत्ती करणाऱ्या पोरावर. लेखात तुम्ही लिहिलंय 'राजेशाही थाट'. थाट होताच, नाही कशाला म्हणू. त्या थाटाची चादर रोज कोण आवरतं त्याच्याबद्दल अर्धी ओळ तरी हवी होती.

जाता जाता, ज्या तिघांचे फोन आले होते त्यांच्यासाठी: जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिकडे चक्रीवादळांचा मोसम असतो, भाव कमी दिसले तरी ते बघून ठरवा. आणि घड्याळ माझं मिळेल, उसनं.

कळावे,
आपली एक नेहमीची वाचक
(नाव पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये. यांनी अजून हे पत्र वाचलेलं नाही.)